ताईच्या गावात नेट बंद

शनिवार, १ ऑक्टोबर
ग्योतोकु, जपान

शनिवार असूनही ऑफिसला जावं लागलं. इंटरनेटवरच्या नावा-पत्त्यांच्या मूळ यादीवर इतकी वर्षं अमेरिकन सरकारची देखरेख होती, ती आज दुपारी संपली. काही बिघडलं तर म्हणून आम्ही बसून होतो. काहीच बिघडलं नाही. ऑफिसातले मोरी-सान केक घेऊन आले. म्हणाले, "आता देखरेख कम्युनिटीची, जगभरच्या इंटरनेटवाल्यांची. म्हणजे तुमचीही!" मीही टाळ्या वाजवल्या. ही देखरेख कोणाकडे जावी, याच्या ऑनलाइन चर्चांमध्ये मीही हिरिरीनं लिहायचे की.

पण ताईचं काय? दंगल झाल्यापासून तिच्या गावात नेट बंद आहे, फोनही लागत नाही. नववा महिना लागलाय तिला. कोण असेल जवळ?

घरी आले तोच पुण्याहून आईचा फोन. "अगं, तू इंटरनेटचंच काम करतेस ना? ताईपुरतं चालू नाही का करता येणार?"

काय सांगू? नेट बंद करायचा हुकूम तिथल्या अधिकाऱ्याचा. तो इथून कोण फिरवणार? कम्युनिटी?

"नाही गं आई," एवढंच म्हणाले आणि रडायलाच लागले.

"बरं, राहू दे. जेवलीस का?" आई म्हणाली.

धीर मी द्यायचा होता. दिला तिनं.