मान डोलावल्याचे परिणाम

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघा कुरकुरतो म्हणून मनातल्या मनात घातला आहे, पोचला असं समजावं). तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला आणि त्यावरचे त्यांचे घरगुती उपचार, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. मी सुखरूप आहे. वजन वाढलंय, त्याचं कारण पुढे येईल.

कान दाखवून ये म्हणून तू तीन वर्षं कानीकपाळी ओरडत होतीस. ते ऐकू येत नव्हतं, हीच तर अडचण होती. पण गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाचं चांगलं चालतं घड्याळ मी कानाला लावलं, टिकटिक लागेना, म्हणून उघडून बसलो आणि मग ते खरंच बंद पडलं. (गिऱ्हाईक काय काय बोललं, तेही सुदैवाने ऐकू आलं नाही.) त्या दिवशी मात्र तुझं म्हणणं पटलं. घड्याळजीचे कान गेले म्हणजे सुताराचे हात गेले. तेव्हा कोणालाही न सांगता पिशवी भरली आणि या भल्यामोठ्या शहरात येऊन दाखल झालो.

पंधरा वर्षांपूर्वी जिथे उतरलो होतो त्या लॉजवर गेलो, तर तिथे दातांच्या डॉक्टरची पाटी. शेजारी शिलाईचं दुकान होतं, गळ्यात टेप अडकवलेल्या एक बाई मशीनवर बसल्या होत्या, त्यांना विचारलं. आता माझी सवय तुला ठाऊक आहे. समोरचा काय म्हणाला ते कळलं नाही की मी हसून मान डोलावतो. शंभरात नव्वद वेळा भागतं. ही उरलेल्या दहातली एक. बाई काहीतरी म्हणाल्या, मी डोलावली. आणखी काही म्हणाल्या, आणखी डोलावली. तिसऱ्या वेळी पिशवी आत गेली आणि माझ्या हातात टॉवेल आला. पुढे कळलं ते असं, की लॉज कधीच बंद झालंय, दुसरी लांब आहेत, आणि ‘आमच्याकडेच उतरता का?’ असं त्यांनी माणुसकीने आपलं विचारून पाहिलं होतं. असं विचारल्यावर खरोखर हो म्हणणारा माणूस या शहराने बहुधा पहिल्यांदाच पाहिला.

दुकानामागेच बिऱ्हाड. दोन खोल्या, बाई आणि त्यांचे वडील, अण्णा. बाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मला कटिंगच्या टेबलाशेजारी अंथरूण मिळालं. जेवताना ‘नको’ म्हणायला आधी काय विचारलंय ते ऐकू यावं लागतं, त्यामुळे पट्ट्याला दोन भोकं नवीन पाडली आहेत. अण्णांनी चाळीस वर्षं बस चालवली, आणि ती सगळीच्या सगळी त्यांनी माझ्या डाव्या कानातून पुन्हा एकदा चालवली. मी डोलत होतो. दुसऱ्या दिवशी ते जरा सावकाश काहीतरी म्हणाले आणि मी म्हणालो, “वा! छान झालं!” तशी बाईंची मशीन थांबली. त्यांनी कापडाच्या खडूने टेबलावर लिहिलं : ‘आई गेली ते सांगतायत.’ ताई, धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण अण्णांनी माझा हात धरला आणि कानात ओरडले, “बरोबर बोललात! हाल संपले तिचे!”

तिसऱ्या दिवशी तेच मला कानांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले (बसने, ड्रायव्हरने संयम राखला). आत डॉक्टरांनी चिमटा घातला आणि उजव्या कानातून, हसू नकोस, कापसाचा बोळा काढला. डाव्यातून त्याचा जोडीदार. तुझ्या धाकटीच्या लग्नात बँडच्या धसक्याने घातलेले! वर तीन वर्षांचा मळ. बाकी कानांना काही झालेलं नाही.

आता हे कोणाला कोणत्या तोंडाने सांगणार? बाहेर अण्णांना सांगितलं, थेंब दिलेत, फरक पडायला वेळ लागेल. परत येऊन दुकानात बसलो, तर बापलेक माझ्यादेखतच बोलायला लागले.

“हा जाणार कधी?” अण्णा म्हणाले.

“राहू द्या ना. तुमची बस शेवटच्या स्टॉपपर्यंत कोण ऐकतं?”

“ऐकतो कुठे? डोलतो नुसता.”

“डोलू द्या,” बाई सुईवरची नजर न काढता म्हणाल्या. “या घरात माझ्या बोलण्याला आजवर कोणी हो म्हटलेलं नाही.”

ताई, यावर ‘मला ऐकू येतं’ असं कसं म्हणायचं? तेव्हापासून सहा दिवस मी सभ्यपणाखातर बहिरा आहे. खरं बहिरेपण पुष्कळ सोपं होतं गं. आता भांडं पडलं की दचकायचं नाही, विनोदाला हसायचं नाही, आणि नुसत्या आवाजावरून बाई आज दमल्यात हे कळलं तरी तोंड बंद ठेवायचं.

असो. सोमवारी निघतो. लोभ असावा, राग आवरावा.

तुझा,
धाकटा

ता. क. सोमवारी निघत नाही. माझं भिंग, चिमटे आणि बारीक स्क्रूड्रायव्हरचा डबा पाठव. चार सदरेही. (सैल असलेले.)

आणखी ता. क. खरं म्हणजे डबा घेऊन तूच ये. काल बाई अण्णांना म्हणाल्या, “यांच्यामागे कोणी वडीलधारं असतं तर बोलता तरी आलं असतं.” मी ते ऐकलेलंच नाही, त्यामुळे मला काही करता येत नाही. तू सहज आल्यासारखी ये. कानांचं मात्र चुकूनही बोलू नकोस.

ताईंना शिलाईच्या दुकानातून नमस्कार. पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याकडे दिलं, तेही पाकीट न चिकटवता. वाचू नये, पण वाचलं. यांचे कान उघडल्याचं मला हे दवाखान्यातून आल्या आल्याच कळलं. मी मशीनवरून नुसतं पुटपुटले, दूध उतू चाललंय वाटतं. हे उठले, गॅस बंद करून आले आणि पुन्हा बहिरे होऊन बसले. त्यानंतर अण्णांशी मी जे जे बोलले ते कोणासाठी होतं, हे यांना अजून कळलेलं नाही. (अण्णांनाही नाही.) रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा या. तुम्हाला ताई म्हणायचं की वन्सं, ते समोरासमोर ठरवू.