त्या शब्दावरचे ठिपके

२ डिसेंबर, मंगळवार

दाऊद येतोय. रविवारी, पप्पांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला देवाचे आभार मानायचा मलिदा ठेवलाय, त्याला. मी बोलावलेलं नाही — पप्पांनी परस्पर फोन केला. "अगं, भाऊ आहे तुझा!"

भाऊ! आईला मूठमाती द्यायला सख्ख्या बहिणीसाठी थांबला नाही. मी तेव्हा पुण्याला गेलेली; तिथून धावतपळत आले, हीथ्रोला उतरून फोन लावला, तर म्हणाला, "ताई, आत्ताच झालं." साउथहॅम्प्टनला त्याच्याकडे पोचले, आई-पप्पा तिथेच राहायचे, तेव्हा नुसता ओला ढिगारा. त्याच आठवड्यात पप्पांना माझ्याकडे मिल्टन कीन्सला घेऊन आले. त्याच्याशी बोलणं संपलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

तोरातला, आमच्या धर्मग्रंथातला, या आठवड्याचा भाग नेमका याकोब आणि एसावचा. धाकट्यानं थोरल्याचा आशीर्वाद लुबाडला, पळाला, आणि आता कित्येक वर्षांनी समोरासमोर. पप्पा मराठीतून वाचत होते — एसाव धावत आला, गळ्यात पडला, "त्याचा मुका घेतला."

मायरा शाळेच्या युनिफॉर्ममध्येच ऐकत बसलेली. "मुका म्हणजे म्यूट ना, मम्मी? हाउ डू यू टेक अ म्यूट?"

पप्पांना हसता हसता ठसका लागला. मग म्हणाले, हिब्रू पोथीत त्या शब्दाच्या प्रत्येक अक्षरावर ठिपका आहे. का, ते नक्की कुणालाच माहीत नाही. कुणी म्हणतं मुका मनापासून घेतला, कुणी म्हणतं वरवरचा. एक जण तर म्हणतो, चावायलाच गेला होता!

मला हा शेवटचा पटतो.

७ डिसेंबर, रविवार

आला. बायको-मुलांसकट. राउंडअबाउटवर चुकला म्हणे. दारातच दोन्ही हात पुढे केले — हातबोशी. आम्हा बेने इस्राएलांची रीतच ती: समोरच्याच्या हातांना हात लावायचे आणि मुका घ्यायचा आपल्याच बोटांचा. सोयीचं आहे!

मलिद्यासाठी गोड पोह्यात नारळ कालवत होते, तेव्हा किचनमध्ये एकटा सापडला. विचारलंच.

"का थांबला नाहीस?"

"जाऊ दे ना, ताई."

"का?"

दारातून बाहेर पप्पांकडे बघितलं त्यानं. मग चिमूटभर मलिदा तोंडात टाकून म्हणाला, "साखर कमी पडलीय बघ."

चावले असते!

तरी निघताना मीच म्हटलं, हानुक्काच्या सणाचा पहिला दिवा लावायला ये. — मीच! का म्हटलं?

"हो हो. मुलांचं बघून येतो."

१४ डिसेंबर, रविवार

पहिला दिवा लागला. दाऊद नाही. फोनही नाही.

याकोबानंही हेच सांगितलं होतं: मुलं लहान आहेत, तू हो पुढे, मी येतो त्यांच्या चालीनं. एसाव भाबडा, गेला घरी. याकोबानं वाट वळवली ती भलतीकडेच. लोक मिठीपाशी थांबतात, डोळे पुसतात, पुढचं वाचत नाहीत. पुढे ते दोघे भेटलेले दिसतात ते थेट बापाला पुरताना.

हे पप्पांना वाचून दाखवलं. मुद्दाम. जेवले नाहीत.

१५ डिसेंबर, सोमवार

सकाळी पप्पा म्हणाले, "दाऊद थांबू या म्हणत होता. घाई मी केली. तुझ्या आईला तिथे शवागाराच्या थंडीत ठेवलेलं मला सोसेना."

"मग इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीत? त्याला का बोलणी खाऊ दिलीत?"

"तू मला इथे ठेवून घेतलं नसतंस."

नसतंच घेतलं.