अनुराधपुरात सोमाला बसमध्ये बसवून ठेवल्याची हकीकत

आदरणीय अबिलिनदादा,

पियतिलकचा वाकून नमस्कार. त्रिरत्नांच्या कृपेने तुमची साखर उतरली असेल, वहिनींचा दमा पावसाळ्यापुरताच उरला असेल आणि सूनबाईंचा राग हल्ली दुसऱ्या कुणावर निघत असेल, अशी आशा करतो. इकडे मातरला सर्व ठीक. मी ठीक, कोंबड्याही ठीक. (एक मेली, पण ती तशीही माझ्याशी फारशी बोलत नसे.)

पत्रास कारण की, मी यात्रेला जाऊन आलो. सोमा गेल्यापासून मी घराबाहेर पडत नाही, अशी तुमच्या भाचीची तक्रार. मनोरी कोलंबोहून दर रविवारी फोन करते आणि मी जेवलो का हे विचारते. मी हो म्हणतो. मग ती फोन ठेवते. गेल्या महिन्यात तिने ‘देशातली पाहायलाच हवीत अशी दहा ठिकाणं’ असा एक कागद छापून पाठवला. दादा, त्यात पहिल्या नंबरावर मिरिस्सचा समुद्र आहे. मिरिस्सला मी जन्मभर मासळी आणायला सायकलने जातोय, आपण काही पाहतोय हे मला कुणी सांगितलंच नाही. त्याखाली एक रेल्वेचा पूल, मग एक धबधबा, आणि अनुराधपुरातला प्रत्यक्ष श्री महाबोधी वृक्ष सहाव्या नंबरावर, हत्तींच्या खाली. ते वाचून डोकंच फिरलं. म्हटलं, बाकीच्या नवांना नमस्कार, आपण सहाव्याला जायचं. पांढरी लुंगी नेसलो आणि निघालो.

अनुराधपुरात उतरून फुलांच्या दुकानी गेलो आणि निळ्या कमळांच्या दोन जुड्या घेतल्या. (का ते विचारू नका. बाईने विचारलं किती, तोंडातून दोन निघालं.) रुवनवेलि स्तूपाजवळची वाळू इतकी तापली होती की भिक्षूसुद्धा भरभर चालत होते. मी सावलीत टेकलो. शेजारी कपड्यांच्या कारखान्यातल्या मुलींचा घोळका बसला होता, सुट्टीची सहल. त्यातली इरोमी नावाची मुलगी, फार मोकळी, मला म्हणाली, “आजोबा, दोन जुड्या कशाला?”

“एक तुमच्या आजीची.”

“मग आजी कुठाय?”

इथे माणसाने सरळ उत्तर द्यावं. पण एवढ्या हसऱ्या पोरीचं तोंड उतरवायचं जिवावर आलं आणि मी म्हणालो, “बसमध्ये बसलीय. गुडघे दुखतात तिचे.”

दादा, त्यानंतर माझ्या हातात काही राहिलं नाही. एकीने पिशवीतून गुडघ्यांना लावायचं तेल काढलं. दुसरीने केळी दिली. तिसरीने नारळाच्या दुधातला भात केळीच्या पानात बांधून दिला, वर तिखट चटणी वेगळी, कारण “आजींना तिखट सोसतं का?” असं तिने विचारलं. मी म्हणालो, सोसतं, फार सोसतं. (तुम्हाला माहीतच आहे.) मग सोमा कशी आहे, काय म्हणते, भांडते का, हे सगळं विचारून झालं आणि मी सांगत सुटलो. तुमची बहीण त्या दुपारी इतकी चांगली होती की मलाच नवल वाटलं. खरं सांगतो, दोन वर्षांत मी इतका बोललो नव्हतो.

पण पोरी उठल्याच. आजींना भेटल्याशिवाय जायचं नाही म्हणाल्या. मी पुढे, पोरी मागे, असे आम्ही बसतळावर हिंडलो. ही नव्हे, ती नव्हे, निळी होती, का हिरवी. माझ्या पायाला फोड आले. शेवटी सुटका म्हणून मी लांबची एक बस दाखवली, कारण ती सुटली होती. म्हटलं, अरेरे, ती बघा, गेली. वाटलं, पोरी हळहळतील आणि जातील. पोरी धावल्या. इरोमी बसच्या आडवी उभी राहिली, बाकीच्यांनी पत्रा बडवला. “आजोबांना टाकून चाललात? लाज नाही वाटत?” ड्रायव्हर बिचारा माफी मागू लागला. खिडकीत एक म्हातारी बसली होती, पांढऱ्या साडीत. इरोमी तिला म्हणाली, “आजी, सांभाळा यांना.” म्हातारीला ऐकू कमी येत असावं, तिने आशीर्वादाचा हात केला. मला आत ढकललं, दार लागलं, आणि पोरी हात हलवत मागे राहिल्या.

बस बदुल्लेच्या यात्रेकरूंची. तिची प्रमुख पोडिमेनिके नावाची बाई, अंगाने भक्कम, गळ्यात शिट्टी. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “तुम्ही आमचे नाही.”

मी म्हणालो, नाही. मग सगळं सांगितलं. बस आहे, पण माझी नाही. बायको होती, ती वारली. हे वाक्य मी मोठ्याने कधी बोललोच नव्हतो, दादा. लोकांनीच एकमेकांना सांगितलं होतं. बसमध्ये कुणी हसलं नाही. पोडिमेनिकेने जागा दाखवली, त्याच म्हातारीशेजारी. तिला तेवढं वाक्य कसं कोण जाणे ऐकू गेलं होतं. तिने माझ्या मांडीवरच्या पुड्याकडे बोट केलं.

“हे कोणाचं?”

“तिचं. पोरींनी दिलंय.”

“मग नासायच्या आत खा.”

मी खाल्लं. चटणी अतिशय तिखट होती, म्हणून डोळ्यांत पाणी आलं. तेल त्या आजींना दिलं. दंबुल्लला त्यांनी मला उतरवलं आणि मी घरची बस धरली.

ती बस तुमच्या कुरुणेगलवरून आली. हत्तीचा खडक दिसला. मी उतरलो नाही, त्याबद्दल रागावू नये. जागा खिडकीची होती. मनोरीला ‘यात्रा उत्तम झाली’ असं कळवलंय. मला इथे काही कमी नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
सोमाचा पियतिलक

ता. क. तुमच्या परसातली मिरी वाळवायची खोली हल्ली रिकामी असते, असं ऐकतो. माझ्या ओळखीचे एक वयस्क गृहस्थ जागा शोधताहेत. थोडं खातात, सायकली दुरुस्त करतात, पहाटे गाथा म्हणतात पण हळू. कमी बोलतात.

पुन्हा ता. क. कमी बोलतात हे खोटं आहे. सूनबाईंना आधीच सांगून ठेवा. आणि नाही म्हणायचं असेल तर तसं लिहू नका, दादा. नुसता यंदाचा मिरीचा भाव कळवा. मी समजेन.