थोरल्या काकांचा आहारतक्ता

ती. आईस,
इथूनच वाकून नमस्कार करते. मी मजेत आहे. खोली उबदार आहे, जेवणही बहुतेक दिवस वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

हे पत्र नेहमीसारखं थोरले काकाच फोडून सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचत असतील, म्हणून त्यांचंच काम आधी उरकते. "स्वयंपाक शिकायला एवढ्या लांब कशाला?" म्हणून चारचौघांत हसले होते. आता साखर वाढल्यावर आहारतक्ता माझ्याकडूनच हवाय!

परवा आहारशास्त्राच्या वर्गात कुणा एकाचं दिवसभराचं खाणं लिहायला सांगितलं. मी तुझं लिहिलं. सकाळी कोरा चहा. पुरुषांची जेवणं आटोपली की तीन वाजता गार पोळी आणि तळाची आमटी. रात्री पुन्हा तेच. प्राध्यापक बाईंनी विचारलं, "ही पेशंट कुठल्या वॉर्डातली? हिला जेवायला कोण देत नाही?"

म्हटलं, वॉर्डातली नाही, घरातली आहे.

तर काका, तक्ता घ्या. गोड बंद. भात एक वाटी, तोही मोजून. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, अर्धा तास चालायचं. बाहेर ऊन असतं, म्हणून घरातच चाला. आई आणि काकू जेवायला बसतील, त्यांना चुलीपासून ताटापर्यंत गरम पोळ्या वाढत. बाईंना विचारून घेतलंय, अगदी शास्त्रशुद्ध आहे.

आवाज बसला का? पाणी प्या आणि पोळ्यांचं पुन्हा वाचा. काकू आत भांडी घासत असेल, तिला ऐकू गेलं नसेल.

तुझी,
स्वयंपाक शिकायला गेलेली लेक