फ्रान्सीकाकांची जागा

ड्रमाहान, काउंटी लीट्रिम, आयर्लंड
६ एप्रिल

ती. फ्रान्सीकाका यांना,

सा. न. आधी नमस्कार, मग प्रकृतीची विचारपूस, मग कामाचं, हा क्रम आईने मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून शिकवला. मी बारा वर्षांची होईपर्यंत माझी शाळा म्हणजे तेच टेबल होतं, त्यामुळे क्रम मोडायला हात धजत नाही. तर, तुमची तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो?

तुम्ही ल्युटनहून पाठवलेलं, आईसाठी चर्चमध्ये मिस्सा-प्रार्थना सांगितल्याचं कार्ड मिळालं. बाबांनी ते खिडकीत लावलंय. इतकी कार्डं आली आहेत की खिडकीतून गोठा दिसेनासा झालाय. लोक फार चांगले वागले. हे वाक्य मी इतक्या जणांना लिहिलं की आता त्याचा मला काही अर्थ लागत नाही, पण ते खरं आहे. घरात सतत कोणाच्या तरी हातात किटली असायची. उरलेली हॅमची सँडविचेस फ्रीजरमध्ये ठेवली आहेत, ती बाबा आणि मी रोज खातो. मला अजून रडू आलेलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, येईल. मी बसची वाट बघावी तशी वाट बघते आहे.

तुम्ही चर्चच्या कॅमेऱ्यावरून सगळं पाहिलंत, असं शेजारच्या डिम्फ्नाने सांगितलं. पण तो कॅमेरा फक्त वेदी दाखवतो. त्यापुढचं तुम्हाला कोणी सांगितलं की नाही ते मला ठाऊक नाही, म्हणून मी सांगते.

आई शनिवारी गेली. दफन सोमवारी ठरलं. सोमवारी आपल्याकडे कबर उघडत नाहीत, म्हणून पाकी मॅकगोल्ड्रिक आणि त्याचे भाऊ रविवारीच मिस्सा आटोपून फावडी घेऊन निघाले. मी त्यांना चहा दिला. कुठे निघालात, असं मात्र विचारलं नाही. गिल्रेन घराण्यासाठी जिथे नेहमी खणतात तिथेच त्यांनी खणलं, मठाच्या पडक्या भिंतीआड, आजीआजोबांच्या कबरीत. बाबांनी स्वतःची आणि आईची जागा फुटबॉलच्या मैदानाशेजारच्या नव्या दफनभूमीत केव्हाच घेऊन ठेवली होती. हे पाकीला कोणी सांगितलंच नव्हतं. सोमवारी चर्चच्या फाटकातून पेटी उजवीकडे वळायची, ती डावीकडे वळली. बाबा थबकले. मी त्यांचा दंड धरला होता म्हणून मला कळलं. मग ते चालू लागले. उघडलेली कबर रिकामी बुजवायची नसते, आणि मागे सगळा गाव होता.

नंतर पाकीने मला बाजूला घेतलं आणि धीर द्यावा तशा आवाजात सांगितलं की ही कबर आता भरली, खाली खडक आहे, हिला यापुढे कोणी हात लावणार नाही.

काका, ती जागा तुमची होती. जमीन ह्युबर्टला, म्हणजे बाबांना, आणि कबरीत आमच्यापाशी जी एक जागा उरली आहे ती फ्रान्सीला, असं आजीने अंथरुणावरून सगळ्यांसमोर सांगितलं होतं. आईनेच मला हे सांगितलंय. तुम्हाला घरातून तेवढंच मिळालं होतं, आणि तेही आम्ही वापरून टाकलं. बाबांना विचारलं तर म्हणाले, गाईंचं बघायला हवं, आणि उठून गेले.

काय करायचं ते तुम्ही सांगा. लोभ असू द्या असं लिहायची पद्धत आहे, पण या पत्राखाली तो मागायचा मला संकोच वाटतो.

तुमची पुतणी,
डर्व्हला


ल्युटन, इंग्लंड
१९ एप्रिल

चि. डर्व्हलास,

अनेक आशीर्वाद. ते द्यायची माझी लायकी किती, हे तुझ्या बापाला विचार.

गुडघा होता तिथेच आहे. कॅमेऱ्यात मला नुसती टाळकी दिसली. तुझ्या बापाला टक्कल कधी पडलं? मला कोणी कळवलं नाही. आपल्या रेडिओवरची मृत्यूंची यादी मी इथे रोज सकाळी फोनवर ऐकतो. अर्धं ड्रमाहान मी असं न्याहारी करता करता पोचवलंय. तुझ्या आईचं, अटरॅक्टाचं नाव आलं तेव्हा माझ्या हातात टोस्ट होता. तो मी खाल्ला. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

पण काय गंमत आहे बघ. तुझ्या आईने आमच्या म्हातारीबरोबर एक रविवारचं जेवण कधी पुरं केलं नाही. एकदा म्हातारी म्हणाली, बटाटे कच्चे राहिलेत. अटरॅक्टा उठली ती थेट गाडीत जाऊन बसली. तुझा बाप ग्रेव्हीचं भांडं हातात घेऊन दारात उभा, ना आत ना बाहेर. आता सून सासूच्या उरावर, तीही कायमची. मी तिथे गेलो असतो तर दोघींची भांडणं मलाच सोडवावी लागली असती. सुटलो म्हणायचं. जागेचं तू मनावर घेऊ नकोस.

त्यापेक्षा गावचं सांग. ते हॉटेल म्हणे सरकारने निर्वासितांना दिलं आणि फाटकाशी लोक निषेधाला बसलेत. इथे क्लबातला म्हातारा कॉन म्हणतो, आयर्लंड भरलं. मी म्हटलं, गाढवा, तुला-मला घालवल्यावर दोघांपुरती जागा झालीच असेल की. तुझं मत काय? मला दोन्ही बाजू नकोत, एक मत हवं. तुझी आई म्हणायची, डर्व्हलाला चहा की कॉफी विचारलं तरी ती पुरावे मागते.

मागितला नाहीस तरी लोभ आहे. परत पाठवू नकोस, टपालखर्च वाढलाय.

तुझा काका,
फ्रान्सी


ड्रमाहान
११ मे

ती. फ्रान्सीकाका यांना,

सा. न. गुडघ्याचं लिहिलंत, बाकीच्या तब्येतीचं लिहिलं नाहीत, हे माझ्या लक्षात आलंय.

हॉटेलच्या फाटकाशी आळीपाळीने जे बसतात त्यांत पाकी आहे. ज्याने आईसाठी खणलं, आणि फावडं माझ्या नजरेला पडू नये म्हणून पाठीमागे धरलं, तोच. तो म्हणतो, गावात डॉक्टर मिळत नाही, शाळेत वर्ग नाही, आणि लग्नं लावायला होती ती एक जागाही गेली. डॉक्टरचं त्याचं खरं आहे. बाबांना मार्चमध्ये मागितलेली वेळ अजून मिळालेली नाही. पण आई त्याच हॉटेलात जाऊन मुलांना गणित शिकवायची. घरी माणसं भेटायला आली त्या दिवशी हात मिळवायच्या रांगेत पाकीच्या मागे हॉटेलातली नायजेरियाची एक बाई उभी होती, तिच्या दोन मुलींना घेऊन. दोघांनीही मला तेच शब्द म्हटले, तुझ्या दुःखात आम्ही आहोत. त्याने टोपी काढली होती. तिला बसायला खुर्ची त्यानेच आणून दिली. दुसऱ्या आठवड्यात तो पुन्हा फाटकाशी होता.

तुम्ही एक मत मागितलंत. पाकीने तिथे बसू नये. एवढं वाक्य लिहायला मला अख्खी सकाळ लागली, आणि ते तुमच्यापाशीच राहू द्या.

घरांचं विचाराल तर आपल्या रस्त्यावरची निम्मी घरं कुलूप लावून पडली आहेत, आणि भाड्याने खोली मिळत नाही म्हणून माझी मैत्रीण ईफा पर्थला गेली. मी वाचनालयाची गाडी घेऊन गावोगाव फिरते तेव्हा त्या कुलपांवरूनच जाते. मठाची दफनभूमी तर संरक्षित वारसा आहे. तिथे जुन्या कबरी सोडून एक वीतही नवी खणता येत नाही. ते मला पटतं. तुमची आठवण झाली की पटत नाही.

आता कामाचं. मी काउन्सिलमध्ये चौकशी केली. परवाना घेऊन एका कबरीतून दुसरीत नेता येतं. आईला नव्या दफनभूमीत, बाबांनी घेतलेल्या जागेत हलवता येईल, म्हणजे तुमची जागा मोकळी होईल. खिडकीतल्या बाई फार मृदू बोलल्या, आणि त्या बोलत असताना मी त्यांच्या मागच्या कॅलेंडरवरचं दीपगृह बघत होते. बाबांना अजून सांगितलेलं नाही. तुम्ही फक्त हो किंवा नाही लिहा. तुमच्या हक्काचं तुम्हाला मिळावं एवढंच मला कळतं.

लोभ आहे असं तुम्ही म्हणालात, तो मी धरून चालले आहे.

डर्व्हला


ल्युटन
२ जून

डर्व्हला,

नाही. खबरदार पुन्हा त्या खिडकीशी गेलीस तर. गेलेल्या बाईला उठवून मला अंथरूण करून देणार होतीस? तुझ्या आईला मी आवडत नव्हतो, पण ल्युटनला दर नाताळात केक पाठवायची. दगडासारखा असायचा तो. मी एकही टाकला नाही.

तुझ्यापाशी खोटं चालत नाही म्हणून सांगतो. इथल्या डॉक्टरांनी माझ्या फुप्फुसांचा फोटो काढला आणि तेव्हापासून ते माझ्याशी फार प्रेमाने बोलायला लागलेत. काय ते समज. यंदाची पानगळ बघेन, असं त्यातली धाकटी म्हणते. थोरला तेवढंही म्हणत नाही. ह्युबर्टला कळवू नकोस.

ती जागा मला का हवी होती, तेही ऐक. मी घरी यायचो तेव्हा दुकानात, चर्चमध्ये, पेट्रोल भरताना, जो भेटेल तो एका दमात विचारायचा, आलास का फ्रान्सी, आणि परत कधी? माया असायची गं त्यात, पण माझी बॅग उघडायच्या आतच ते मला बोटीत बसवायचे. शेवटी यायचंच सोडलं. मनात म्हटलं, एकदा असा येईन की तो प्रश्नच कोणाला विचारता येणार नाही.

ते आता राहिलं. इथे मोठ्या रस्त्यामागे विद्युतदाहिनी आहे. सगळं ठरवून आलोय. राख कॉन घेईल. तो गाढव ती बहुधा क्लबात कपाटावर ठेवेल, कपांच्या रांगेत. एकही स्पर्धा न जिंकता तिथे पोचलेला मी पहिला.

लोभाला काही झालेलं नाही. मी ओरडलो ते काका म्हणून.

फ्रान्सी


ड्रमाहान
१५ जून

ती. फ्रान्सीकाका,

सा. न. तुम्ही सांगू नकोस म्हणालात आणि मी सांगितलं. बाबांनी जेवताना विचारलं, फ्रान्सीने काय लिहिलंय. काही नाही, असं मला म्हणता येईना. मी पत्र आणलं आणि सगळं वाचून दाखवलं. केकही, कपाटही. फुप्फुसांपाशी त्यांनी हात वर केला, मी थांबले, मग त्यांनी वाच अशी खूण केली.

त्यानंतर मी एक बोलायला नको होतं ते बोलले. मी म्हटलं, बाबा, आई फ्रान्सीकाकांच्या जागी आहे, मग तुमच्या शेजारची जागा रिकामीच आहे ना? त्यांनी सुरी खाली ठेवली. म्हणाले, ती अटरॅक्टाची जागा आहे. मी म्हटलं, पण आई तिथे नाहीये. ते म्हणाले, ती कुठे आहे ते मला चांगलं माहीत आहे. आणि बाहेर गेले.

मला वाटलं, ते कुरणात गेले. पुष्कळ वेळाने गोठ्यामागे पाहिलं तर ट्रॅक्टरवर बसले होते, इंजिन बंद, दोन्ही हात चाकावर. मी तशीच मागे फिरले. घरात येऊन भांडी घासली. तेव्हापासून ते माझ्याशी बोलताना हवामानापलीकडे जात नाहीत. मी आईची जागा देऊन टाकायला निघाले, असं त्यांना वाटत असणार, आणि तसं बघितलं तर निघाले होतेच. हा विषय मी पुन्हा काढणार नाही. तुमच्यासाठी काही करायला गेले आणि दोघांनाही दुखवलं.

माडीवरची मागची खोली रिकामी आहे. याहून जास्त द्यायला माझ्याकडे नाही. तुम्ही या. किती दिवसांसाठी, ते मी विचारणार नाही.

रागावला नसलात तर दोन ओळी लिहा. लोभ त्यातच आला असं समजेन.

डर्व्हला


ड्रमाहान
२२ जून

फ्रान्सी,

पत्रं अटरॅक्टा लिहायची, मी खाली सही करायचो. तेव्हा हे जसं जमेल तसं.

मुलीने वाचून दाखवलं. फुप्फुसांचं मला तूच सांगायला हवं होतंस.

काल नव्या दफनभूमीत जाऊन आलो. मार्चमध्ये ती गेल्यापासून गेलो नव्हतो. जागा दोघांची आहे, रुंद आहे. डावी बाजू तिच्यासाठी ठेवली होती, कारण तिला उजव्या कानाने चांगलं ऐकू यायचं. तिथे तू ये. मुलीवर मी रागावलेलो नाही. ती म्हणाली ते बरोबर होतं, ते माझ्या घशाखाली उतरायला वेळ लागला एवढंच.

एक अडचण आहे. दगड मी तेव्हाच घडवून घेतला होता आणि त्यावर आम्हा दोघांची नावं आहेत. ह्युबर्ट गिल्रेन आणि त्याची प्रिय पत्नी अटरॅक्टा. पाथरवट म्हणतो, कोरलेलं पुसता येत नाही, पुसलं तर दगड तडकेल. तेव्हा तुझं नाव तिच्याखाली येईल. येणारेजाणारे वाचतील आणि काय म्हणायचं ते म्हणतील. मला चालेल. तुला चालतं का ते बघ.

पण ते पुढचं पुढे. आधी जिवंत ये. ल्युटनहून नॉकला विमान आहे, तिथून मी गाडीने घेऊन येईन. मागच्या खोलीचं छत गळत होतं, ते मी परवा बसवलं. डर्व्हला पडदे धुते आहे आणि रडते आहे, काल दुपारपासून. पडद्यांचं पाणी आणि तिचं पाणी, दोन्ही थांबत नाही. चालू दे.

गुरुवारी गवत बांधायचं आहे. शुक्रवारी मी मोकळा आहे.

ह्युबर्ट