मी मराठीत काय सांगितलं

माय, तू गेलीस तेव्हा जेवढी होतीस त्याच्या दुप्पट वयाची मी झाले, तरी तुझ्याशी बोलायचं म्हटलं की बारा वर्षांचीच होते.

भाकरीला उशीर झाला, एवढंच त्या दिवशी घडलं होतं. दिवसभर कापूस वेचून तू आलेली, चूल धरत नव्हती. बानं तुझ्या हातातली फुंकणी ओढून आधी पाठीत घातली. तू हात आडवा धरलास तर मनगटावर, ओली काटकी मोडावी तसा आवाज झाला. तू पडल्यावर मग पोटात लाथा. तीन मी मोजल्या, पुढं डोळेच मिटले. शेजारच्या अक्का दारातून 'पुरे कर भाऊ आते' म्हणाल्या आणि परत जाऊन ज्वारी निवडत बसल्या. गावातल्या दवाखान्याला कुलूप, ते नेहमीचंच. सकाळी कापसाच्या ट्रकमध्ये गाठोड्यासारखं टाकून तुला धुळ्याला नेलं.

डॉक्टर लांबचा, त्याला अहिराणी कळेना. बाईमाणूस तिथं कुणी नाही. त्यानं तुझ्या अंगावरच्या मळक्या लुगड्याकडं पाहिलं आणि जरा मागंच सरकला. मी चार यत्ता शिकलेली, म्हणून मला पुढं केलं. बा मागं उभा, त्याचा हात माझ्या मानेवर. तू माझ्याकडं बघून सावकाश बोललीस, 'माले पोटमा लाता मार्‍यात. सांग त्यासले.' मी मराठीत सांगितलं, 'ती विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली. हात दुखतोय.' त्यानं हाताला प्लास्टर घातलं. पदराआडच्या पोटाला बोटसुद्धा लावलं नाही. तिसऱ्या दिवशी तुझं पोट दगडासारखं झालं, आणि संध्याकाळी तू गेलीस. दवाखान्यात न्यायला उशीर झाला, असं मी पुढं सगळ्यांना सांगत आले. माझ्या लेकरांनाही.

म्हातारपणी आता मी शिरपूरच्या दवाखान्यात जाऊन बसते. पाड्यावरच्या, खेड्यावरच्या बाया येतात, त्यांचं बोलणं मी डॉक्टरला सांगते. मागच्या महिन्यात एक सासू सुनेला घेऊन आली. मोरीत घसरली म्हणे. पोरगी दोन्ही हातांनी पोट धरून वाकलेली. सासूला मी कागद काढायला खिडकीवर पिटाळायला लागले, तर ती म्हणते, 'तू इनी वकील शे का?' मी म्हटलं, हो, हिचीच, बिनफीची. ती गेल्यावर पोरीच्या कानाशी लागून विचारलं, कुठं मारलं? ती एवढंच म्हणाली, 'पोटमा.' डॉक्टरीणबाईला मी म्हटलं, 'हिला पोटात मारलंय. हात-पाय नंतर, आधी पोट बघा.' आत रक्त साचलं होतं. लगोलग ऑपरेशनला घेतलं. वाचली पोरगी. सासूनं बाहेर मला दोन शिव्या हासडल्या, त्या गोडच लागल्या.

पण घरी आल्यावर वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. आपल्याला उशीर झालाच नव्हता, माय. पोचायचं तेव्हाच पोचलो होतो आपण, आणि सांगायचं ते तूही सांगितलं होतंस. बाची भीती होती, हे खरं. पण तेवढंच नाही. मी बोलले तेव्हा त्या डॉक्टरनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाला, 'किती शुद्ध बोलतेस गं तू.' तू शेजारी कण्हत होतीस, आणि मला बरं वाटलं होतं.