आमा-लेंच्या मोरीचा पाइप

३ डिसेंबर
मालकीणबाई परत सुफललाच म्हणाल्या 'उस्ताद'! थुकप्याच्या सुपातलं मांसही त्यालाच. मोजलं : त्याला पाच तुकडे, मला दोन, त्यातलं एक हाड. लेहमध्ये मी तीन हिवाळे काढले. हा झारखंडातल्या दुमक्याहून मे महिन्यात आला.
मालकीण आमा-लेंनी सांगून टाकलंय, स्वयंपाकघराच्या मोरीचा बाहेरचा पाइप जो गोठू देणार नाही तो वर्षभर कामावर पक्का. दुसऱ्याने आपलं गाव बघावं.
नेपाळात जाजरकोटला आईला फोन केला. म्हटलं, पक्का झालो, पंधरा हजार पाठवतो, छपराचे पत्रे सांगून ठेव.

५ डिसेंबर
सुफल पाइपाखाली दगड रचतोय. म्हणे उतार पाहिजे, पाणी थांबलं की बर्फ. आमा-ले त्याला बाहेर चहा नेऊन देतात. मला विचारलं, तू काय करतोयस? म्हटलं, विचार.

६ डिसेंबर
विचार झाला. पाइपाला रजई (माझीच) गुंडाळली, नळ थेंब थेंब चालू. वाहतं पाणी गोठत नाही. गेल्या साली पिण्याच्या पाण्याचा नळ असाच वाचवला होता.
सुफल म्हणाला, अरे भाऊ, तो पाइप भरलेला असतो, हा रिकामा. इथे थेंबावर थेंब गोठत जाईल. बादलीभर एकदम ओत आणि नळ बंद कर.
जळतो माझ्यावर.

७ डिसेंबर, सकाळी
नळ बंद! उघडला.
दुपारी : परत बंद. सुफलच. ठरवलं, त्याच्याशी बोलायचं नाही. (जेवताना मीठ मागितलं तेवढंच.)

८ डिसेंबर, संध्याकाळी
थेंब चालू करून नळाची मूठच काढली. खिशात आहे. आता कर म्हणावं बंद!

९ डिसेंबर
उणे एकोणीस. पाइप फुटला नाही, हे कोणी बोलत नाही. आत नुसता बर्फाचा दांडा. स्वयंपाकघरात घोट्यापर्यंत पाणी.
आमा-ले ओरडल्या, नळ कोणी चालू ठेवला? म्हटलं, सुफलला विचारा. नाक पुसायला रुमाल ओढला तर मूठ डुबकन पाण्यात.
सुफलने मूठ उचलली आणि नळ बंद केला. त्याचा हा मोठेपणाच मला आवडत नाही.

१२ डिसेंबर
पाइप मोकळा. सुफल पक्का. त्यानेच आमा-लेंना गळ घातली, गरम पाण्याच्या बादल्या उचलायला याला मार्चपर्यंत ठेवा. अर्ध्या पगारावर. उचलतोय.
आज त्याने आपल्यातला एक तुकडा माझ्या वाटीत टाकला. खाल्ला. पण लक्षात ठेवलंय.
रजई पाइपाला चिकटून गोठली होती, फाडून काढली. नवी घ्यावी लागली.
आईला कळवलं, सुफलला हाताखाली घेतलंय, एकट्याला झेपत नाही त्याला. पत्र्यांची घाई करू नकोस. सध्या पाठवतोय अठराशे.